क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यासाठी स्वस्त वाइड प्राइम लेन्स कशी निवडाल?

घरातल्या बारशाचे फोटो काढायला अनेकजण स्वस्तातली ५० एमएम लेन्स घेतात. मग भिंतीला पाठ टेकली तरी सगळे फ्रेममध्ये मावत नाहीत. कारण क्रॉप सेन्सर. कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर लेन्सचा आकडा १.६ ने गुणायचा: ५० एमएम म्हणजे ८०, तर २४ एमएम म्हणजे साधारण ३८. निकॉन आणि सोनीवर १.५ ने गुणा.

कॅननच्या क्रॉप डीएसएलआरसाठी ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम ही सुमारे १२५ ग्रॅमची चपटी लेन्स सोयीची. मात्र तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ती बसत नाही.

खरेदीआधी १८-५५ ची किट लेन्स आठवडाभर २४ वरच ठेवून फोटो काढा. घरातली माणसं मावली, तरच पैसे खर्च करा.