खडा, कळी आणि भिंत

मंगरूळपीरच्या आसपासची काळी जमीन नांगरली की ठिकठिकाणी पांढरे, ओबडधोबड खडे वर येतात. शेतकऱ्याला हे चुनखडीचं रान नकोसं वाटतं. चुनाभट्टीवाला मात्र तेच खडे वेचून न्यायचा. सिमेंट गावोगाव पोचण्याआधी वऱ्हाडातलं पक्कं बांधकाम चुन्यावरच उभं राहत असे. माझ्या आजोबांची अशीच एक भट्टी होती. पुढे मी रसायनशास्त्राचा शिक्षक झालो. रासायनिक समतोलाचा धडा मी दरवर्षी या भट्टीपासूनच सुरू केला, कारण त्या शास्त्राच्या इतिहासात चुन्याची जागा फार मोठी आहे.

भट्टीत जळणाचा एक थर, खड्यांचा एक थर अशी रचना असे. तळाशी हवेला वाट आणि वरचं तोंड उघडं. आजोबा म्हणत, "भट्टी कोंडली त खडा कच्चाच राह्यते." तापलेल्या चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन किलो चुना मिळतो, चव्वेचाळीस किलो वायू हवेत जातो. हा वायू भट्टीतच साचला तर तो चुन्याशी पुन्हा जुळून चुनखडी तयार करू लागतो. म्हणून उघडं तोंड आणि खेळती हवा विस्तवाइतकीच महत्त्वाची.

अभिक्रिया उलटही फिरू शकते, हे युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मनावर ठसवलं क्लोद बर्तोले यांनी. १७९८ साली नेपोलियनच्या मोहिमेबरोबर ते इजिप्तला गेले. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर त्यांना सोड्याचे थर दिसले. मीठ आणि चुनखडी यांच्यापासून तो सोडा झाला असावा, असं त्यांनी ताडलं. प्रयोगशाळेत हीच अभिक्रिया नेमकी उलट्या दिशेनं होते. तेव्हा अभिक्रियेची दिशा केवळ पदार्थांच्या ओढीवर ठरत नाही, कोणता पदार्थ किती आहे यावरही ठरते, हा विचार त्यांनी १८०३ च्या ग्रंथात मांडला. १८६४ साली नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी त्याला गणिताचं रूप दिलं.

मग १८६७ मध्ये फ्रान्सच्या आंरी दब्रे यांनी चुनखडी बंद नळीत तापवली. एका ठरावीक तापमानाला वायूचा दाब एका ठरावीक आकड्यापर्यंत चढतो आणि तिथेच राहतो, असं त्यांना आढळलं. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला हा दाब वातावरणाच्या दाबाइतका होतो. दाब स्थिर राहिला तरी आत काम चालूच असतं. जितकी चुनखडी फुटते, तितकीच पुन्हा जुळते. यालाच समतोल म्हणतात. वायू बाहेर जाऊ दिला तर समतोल कधी येतच नाही आणि सगळा खडा भाजून निघतो. उघड्या तोंडाच्या भट्टीत हेच घडत होतं. परिस्थिती बदलली की समतोल त्या बदलाला विरोध होईल अशा दिशेनं सरकतो, हा नियम १८८४ साली मांडणारे ल शातेलिए हेही चुना आणि सिमेंट यांचेच अभ्यासक होते.

परतीचा प्रवास भिंतीत होतो. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर बैलांच्या घाण्यात मळायचा आणि दगडविटांत भरायचा. नेहमीच्या तापमानाला समतोलाचा दाब इतका क्षुल्लक असतो, की हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइडही चुन्याला पुन्हा चुनखडी बनवायला पुरतो. ओलावा असेल तरच हे काम होतं, तेही सावकाश; जाड भिंतीच्या पोटात तर वर्षानुवर्षं चालतं. शेतातून निघालेला खडा अशा रीतीनं भिंतीत पुन्हा दगड होतो.

आता भट्ट्या विझल्या. जुन्या वाड्यांच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या जातात. सिमेंटचा घट्ट गिलावा आतली ओल अडवून धरतो आणि शेजारचा मऊ चुना, वीट त्यापायी झिजते. माझं कळकळीचं सांगणं आहे, चुन्याच्या भिंतीला चुन्यानंच डागडुजी करा. चुना मळणारे जुने गवंडी अजून भेटतील, त्यांना विचारा. आणि शिक्षकांनो, समतोल शिकवताना फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मुलांच्या हातात शेतातला एक पांढरा खडा द्या.