महाराष्ट्रातील गर्भवती महिला कैद्यांचे हक्क

गर्भवती महिला कैद्यांचे हक्क म्हणजे शिक्षा भोगत असलेल्या किंवा न्यायाधीन (कच्च्या) कैदी म्हणून तुरुंगात असलेल्या गरोदर स्त्रियांना वैद्यकीय उपचार, सुरक्षित प्रसूती आणि अपत्यसंगोपन यांबाबत मिळणारे कायदेशीर संरक्षण होय. त्याचा मुख्य आधार भारतीय संविधानाचे कलम २१ हा आहे. महाराष्ट्रात मुंबईतील भायखळा आणि पुण्यातील येरवडा येथे महिलांसाठी कारागृहे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश

आर.डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी देशभरातील तुरुंगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतील प्रमुख तत्त्वे पुढीलप्रमाणे:

• गर्भवती स्त्रीला तुरुंगात पाठवण्यापूर्वी तेथे प्रसूतीच्या आणि प्रसूतीपूर्व व प्रसूतीपश्चात देखभालीच्या किमान सोयी असल्याची खात्री करावी.
• शक्यतो तात्पुरती सुटका किंवा पॅरोल देऊन प्रसूती बाहेरच्या रुग्णालयात व्हावी. सुरक्षेचा मोठा धोका असल्यासच अपवाद करावा.
• जन्मनोंदीत जन्मस्थान म्हणून तुरुंगाचा उल्लेख नसावा. केवळ परिसराचा पत्ता लिहावा.
• बालकाला सहा वर्षे वयापर्यंत आईजवळ राहता येते.

मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय

भायखळा कारागृहातील एका गर्भवती कैद्याला गर्भपात करून घ्यायचा होता. या प्रकरणी स्वतःहून दखल घेऊन उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल दिला. गर्भधारणा पुढे न्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा असून तो प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या चौकटीत गर्भपात करू इच्छिणाऱ्या कैद्याला विनाविलंब सरकारी रुग्णालयात पाठवणे आवश्यक ठरवण्यात आले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने अमली पदार्थविरोधी कायद्याखाली अटकेत असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणातील एका गर्भवती स्त्रीला प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन मंजूर केला. तुरुंगातील प्रसूतीचा परिणाम केवळ आईवरच नव्हे, तर बाळावरही होतो, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले.

फाशीची शिक्षा

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१६ नुसार गर्भवती स्त्रीच्या फाशीची अंमलबजावणी पूर्वी पुढे ढकलली जात असे. शिक्षा जन्मठेपेत बदलणे उच्च न्यायालयाच्या इच्छेवर होते. २००८ च्या दुरुस्तीने हा बदल बंधनकारक केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ४५६ मध्ये आहे.

आंतरराष्ट्रीय नियम

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांपैकी नियम २४ नुसार प्रसूतिकळा, प्रसूती आणि त्यानंतर लगेचच्या काळात स्त्रीला बेड्या घालण्यास मनाई आहे.