रात्रीचे टपाल आणि धावपट्टीचे दिवे



आपल्या वरोऱ्याहून शंभरेक किलोमीटरवर नागपूरचा सोनेगाव विमानतळ आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी तेथे देशातील रात्रीच्या विमानटपालाचा आरंभ झाला. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपुरास जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या सुमारास आपापल्या शहरी परतत. १ एप्रिल १९४९ पासून साधे पत्रही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागले. गरिबाच्या पत्राला पंख फुटले, ते असे.

पण अंधारात जमीन दिसावी कशी? आरंभीच्या काळात धावपट्टीच्या कडेने रॉकेलचे दिवे मांडीत. महायुद्धात इंग्लंडात पेट्रोल जाळून धुके विरविण्याचाही प्रयोग झाला. तो यशस्वी झाला, परंतु खर्च अफाट. पुढे फार्नबरो येथील कॅल्व्हर्ट यांनी निराळी वाट काढली. धावपट्टीच्या अलीकडे मधोमध दिव्यांची एक सरळ रांग आणि तिला छेदणारे दिव्यांचे आडवे पट्टे. रांग दिशा सांगते. आडवा पट्टा तिरपा दिसला, तर विमान कलले आहे हे कळते. उपकरणे वैमानिकाला जवळ आणतात, अखेरचा निर्णय मात्र या खुणा पाहूनच घ्यावा लागतो. धावपट्टीच्या तोंडाशी हिरवे दिवे, कडांना पांढरे, शेवटी तांबडे. रंगांची ही भाषा आपल्या रेल्वेच्या बांधवांना परकी नाही.

दिवे असले म्हणजे सारे साधले, असे मात्र नव्हे. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपुराहून मद्रासकडे निघालेल्या टपालविमानाचे एक इंजिन उड्डाण होताच बंद पडले आणि १३ जण प्राणास मुकले. इंजिन तपासणारा, थैल्या उचलणारा, दिवे राखणारा, यांपैकी एकाचेही काम दुसऱ्याने भरून निघत नाही.

पुढे ती सेवा बंद पडली. धावपट्टीचे दिवे मात्र आजही रोज रात्री लागतात. काचा पुसाव्या लागतात, विझलेला दिवा बदलावा लागतो. कामगारांत वावरणारा माणूस म्हणून मला एवढेच सांगावयाचे आहे: जेथे काटकसरीच्या नावाखाली या पाळीतला माणूस कमी होतो, तेथे कमी होते ती उतरणाऱ्या प्रवाशाची सुरक्षितता. हिशेबाच्या वहीत हा आकडा कधी दिसत नाही. म्हणून तो आपणच विचारला पाहिजे.