शिरोळ रोड नावाचं स्टेशन

मी शिरोळचा. नोकरीची बरीच वर्षं आखातात बांधकामांवर गेली. तिथे नकाशे लंडनहून येत, मुख्य ठेकेदार कोरियन, फोरमन केरळचा, गवंडी बिहारचे आणि पैसा शेखचा. भिंत उभी करणं त्यातलं सोपं काम. कुणाच्या सहीवाचून कुणाचं अडलंय, हे ओळखण्यात निम्मा दिवस जाई. निवृत्तीनंतर कोल्हापूर-मिरज रेल्वेचा इतिहास वाचायला घेतला आणि वाटलं, हे प्रकरण ओळखीचं आहे.

मे 1888 मध्ये या रेल्वेची पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते पडली. तेव्हा त्यांना चौदावं लागलेलं, अधिकारसूत्रं हाती यायला अजून सहा वर्षं होती. एप्रिल 1891 मध्ये गाडी सुरू झाली. आपल्याकडे इतिहास कुदळीपाशीच थांबतो. मला उत्सुकता करारांची.

रूळ कोल्हापूर दरबारच्या पैशाचे. गाड्या चालवायला सदर्न मराठा रेल्वे, म्हणजे 1882 साली विलायतेत उभी राहिलेली कंपनी. इकडचा तिचा कारभार धारवाडातून चाले. दरबार अल्पवयीन राजाचा, म्हणून देखरेख पोलिटिकल एजंटाची. जंक्शन मिरजेला, आणि मिरज पटवर्धनांची, म्हणजे दुसरं संस्थान. मध्ये कृष्णा. उदगावकडून पूल ओलांडला की राज्यच बदललं! त्यात संस्थानांतून जाणाऱ्या रुळांच्या पट्ट्यावरचा न्यायाधिकार ब्रिटिश सरकार सहसा स्वतःकडे मागून घेई. जेमतेम सत्तेचाळीस किलोमीटरच्या रस्त्याला इतके धनी.

रुळांची रुंदीही कंपनीच्या जाळ्याला जुळणारी, मीटरगेज. पुण्यापासून मुंबईकडे मात्र ब्रॉडगेज. कोल्हापूरचा गूळ मुंबईला निघाला की पुण्यात रवे एका डब्यातून उतरवायचे आणि दुसऱ्यात चढवायचे. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, त्यात ही उचलठेव. हमालीही वाढे आणि मालही खराब होई. दोन यंत्रणांचा सांधा जुळला नाही की भुर्दंड कुणावर पडतो, ते इथे रव्यांवर हात ठेवून समजतं. ही अडचण 1971 मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा मिटली, म्हणजे ऐंशी वर्षांनी.

मग दरबारच्या हाती उरलं काय? माझ्या मते, स्टेशनाबाहेरची जमीन. शाहू महाराजांचं या बाबतीतलं शहाणपण मला कुदळीपेक्षा मोठं वाटतं. कोल्हापूर स्टेशनाजवळ 1895 मध्ये शाहूपुरी वसवून त्यांनी गुळाचा व्यापार तिथे आणला. आमच्या तालुक्यातलं स्टेशन शिरोळपासून दूर, माळावर. नावही ‘शिरोळ रोड’, म्हणजे उतरा आणि पुढे बैलगाडीने या. त्या माळावर 1917 मध्ये त्यांनी पेठ वसवली आणि वडिलांचं नाव दिलं: जयसिंगपूर. जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे कागलचे; कोल्हापूरचा कारभार रीजंट म्हणून त्यांनी पाहिला आणि 1886 मध्ये गेले. रेल्वेची कुदळ पडलेली त्यांनी पाहिली नाही.

जयसिंगपूरचा नकाशा आजही बघण्यासारखा आहे. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर. पत्ता सांगताना माणसं ‘सहावी गल्ली’, ‘अकरावी गल्ली’ म्हणतात. आमच्या शिरोळात पत्ता देवळावरून नाहीतर आडनावावरून. आधी कागदावर आखून मग वसवलेलं गाव आणि आपसूक वाढलेलं गाव यांतला फरक पत्त्यातच कळतो. तंबाखू, शेंग, मिरची असा माल रुळांच्या कडेला जमू लागला. व्यापारी तिकडे गेले, पाठोपाठ पतपेढ्या, दवाखाने, कॉलेज.

स्टेशनाची पाटीही पुढे ‘जयसिंगपूर’ झाली, आणि शिरोळचं नाव रेल्वेच्या वेळापत्रकातून गेलं. आमच्या जुन्या मंडळींना याचा राग होता, मला नाही. तहसील कचेरी अजून शिरोळातच आहे, त्यामुळे जयसिंगपूरच्या शेठजींना दाखल्यासाठी आमच्या दारात रांग लावावी लागते.