शरीफ कुणाला म्हणायचं?

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. दोन भाषांमध्ये रोजची ये-जा असली की शब्दांचे जुने अर्थ आपोआप समोर येतात. नववीच्या मुलांना 'शरीफ'चा अर्थ विचारला तर ती 'सज्जन' म्हणून सांगतात. 'कमीना'चा विचारला तर आधी हसतात, मग 'वाईट माणूस' म्हणतात. मुळात हे दोन्ही शब्द स्वभावाबद्दल नव्हतेच. शरीफ म्हणजे उच्च कुळातला, त्याचं अनेकवचन अश्राफ. कमीना म्हणजे हलक्या दर्जाचा. चांगुलपणाला आणि नीचपणाला आपल्या भाषेने नावं दिली ती माणसाचं वागणं पाहून नाही, त्याचा जन्म पाहून.

इंग्रजीतल्या 'स्नॉब' या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. स्नॉब म्हणजे चांभार. केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या साध्या लोकांना हिणवायला हा शब्द वापरू लागले. पुढे थॅकरेच्या १८४८ सालच्या 'द बुक ऑफ स्नॉब्ज' या पुस्तकाने तो वरच्यांपुढे वाकणाऱ्या आणि खालच्यांना तुच्छ लेखणाऱ्या माणसाला चिकटवला. ज्याला हिणवायचे त्याचं नाव हिणवणाऱ्यालाच मिळालं. आपल्याकडे मात्र 'कमीना' अजून गरिबाच्याच खात्यावर आहे.

वर्ग म्हणजे पैसा, असं आपण सर्रास धरून चालतो. ज्याच्याकडे जास्त तो वरचा, कमी तो खालचा. पण भारतीय मुस्लिम समाजाचा इतिहास वाचताना हे गणित सारखं चुकतं. पैसा असून दारात उभं राहावं लागलेली माणसं भेटतात आणि खिसा रिकामा असूनही गादीवर बसलेली भेटतात. तुच्छतेचा खरा उगम या दोन माणसांच्या मधल्या जागेत आहे.

गुलामाची वंशावळ

दिल्लीचा सुलतान बलबन (१२६६–१२८७) कुळाच्या बाबतीत सगळ्यात कडक. तो स्वतःला इराणी पुराणकथांमधल्या अफरासियाबचा वंशज म्हणवत असे. हलक्या कुळातल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याला पद द्यायचं नाही, हा त्याचा दंडक. इतिहासकार झियाउद्दीन बरनीने एक प्रसंग नोंदवला आहे. दिल्लीच्या व्यापाऱ्यांचा प्रमुख फख्र बावनी याने सुलतानाची एक भेट मिळावी म्हणून मोठी भेटवस्तू आणि रक्कम देऊ केली. बलबनाने नकार दिला. बाजारातल्या माणसाशी बोललं तर सिंहासनाचा दरारा कमी होतो, असं त्याचं मत होतं. पैशाने उघडत नाही असं एक दार असतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही.

आता गंमत पाहा. हाच बलबन तरुणपणी मंगोलांच्या हाती सापडून गुलाम म्हणून विकला गेला होता. इल्तुतमिशने त्याला विकत घेतलं. आणि इल्तुतमिशही मूळचा विकत घेतलेला गुलामच. ज्याची स्वतःची किंमत बाजारात ठरली होती, त्यानेच बाजारवाल्याला दारात उभं केलं.

बलबन चढत होता. त्याची हकिकत लिहिणारा बरनी घसरत होता. बरनी खानदानी घरातला, मुहम्मद तुघलकाच्या दरबारात सतरा वर्षं काढलेला. फिरोजशहा तख्तावर आल्यावर त्याची मर्जी गेली आणि म्हातारपण दारिद्र्यात गेलं. त्याच काळात त्याने 'तारीख-ए-फिरोजशाही' आणि 'फतावा-ए-जहांदारी' लिहिले. हलक्या कुळातल्यांना लिहायला-वाचायला शिकवू नये, नमाज-रोज्यापुरतं सांगितलं म्हणजे पुरे, असा सल्ला तो राजाला देतो. हे लिहिताना त्याच्यापाशी ना जमीन उरली होती ना पद. उरलं होतं फक्त कुळ. जवळ एकच नाणं शिल्लक असलं की माणूस त्याचा भाव पडू देत नाही.

मुहम्मद तुघलकावर बरनीचा राग याच कारणाने आहे. सुलतानाने माळी, न्हावी, विणकर, कलाल अशा घरांतल्या माणसांना मोठी पदं दिली, म्हणून तो त्यांची नावानिशी यादी देतो. त्यातला एक अजीज खम्मार. खम्मार म्हणजे दारू गाळणारा. माळव्यात धारला नेमल्यावर त्याने ऐंशीहून जास्त 'अमीरान-ए-सदा', म्हणजे शंभर गावांचे सरदार, मारून टाकले. त्यातून बंडाचा वणवा पेटला, तो दौलताबादपर्यंत आला आणि १३४७ साली दख्खनमध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. बरनीचा निष्कर्ष: हलक्या जातीचा माणूस आणखी काय करणार? पण अजीजला या कामाबद्दल सुलतानाने मानाची वस्त्रं पाठवली, हेही बरनीच सांगतो. कत्तल दरबाराला पसंत होती, दोष मात्र जातीच्या पदरात पडला.

बहमनी गादीवर आलेल्या अलाउद्दीन हसनने काय केलं? स्वतःचं नातं इराणच्या पौराणिक बहमन राजाशी जोडलं. सत्ता आधी, वंशावळ मागाहून.

दख्खनमध्ये थोडी फट

आपल्या दख्खनमध्ये ही भिंत थोडी कमी उंच होती, असं वाटतं. मलिक अंबर (१५४८–१६२६) हा इथिओपियातून विकला गेलेला हबशी. त्याला इथे आणणारा निजामशाहीचा वजीर चंगेजखान हाही हबशी, तोही पूर्वीचा गुलाम. अंबरने पुढे निजामशाहीचा कारभार चालवला, खडकी शहर वसवलं, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि आपली मुलगी दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला दिली. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याला शिव्या घालतो, रणांगणावर मात्र त्याला संपवू शकला नाही.

पण फट होती ती तलवारबहाद्दराला. कापूस पिंजणाऱ्याला किंवा चामडं शिवणाऱ्याला नव्हती. ज्यांच्या हातात हत्यार नव्हतं, फक्त हत्यारं होती, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागली.

इथे 'इस्लाममध्ये जात नाही' हे वाक्य येणार, ते मला माहीत आहे. धर्माच्या शिकवणीत खरंच नाही. मक्केच्या विजयानंतर काब्यावर चढून अजान दिली ती हजरत बिलाल यांनी, एका काळ्या, मुक्त झालेल्या गुलामाने. पण लग्नाच्या जोडीचा, म्हणजे 'कफाअत'चा विचार करताना हनफी फकीहांनी दीनदारीबरोबर वंश, व्यवसाय आणि मालमत्ताही धरली. इमाम मालिक यांनी मुख्यतः दीनदारीवर भर दिला. आपल्याकडे पहिलं मत रुजलं, कारण आजूबाजूची जमीन त्याला अनुकूल होती. आणि ज्या हनफी विद्वानांची नावं आपण आदराने घेतो ती पाहा: जस्सास म्हणजे चुना-गिलाव्याचं काम करणारा, खस्साफ म्हणजे जोडे शिवणारा, कुदूरी हे नाव हंड्या-मडक्यांवरून आलेलं. खुद्द इमाम अबू हनीफा कुफ्यात कापड विकत. तिथे धंद्याचं नाव लावायची लाज नव्हती.

शिरगणतीतली नावं

१९०१ च्या शिरगणतीत बंगालच्या अहवालात मुसलमानांची उतरंड छापून आली: अश्राफ, अजलाफ आणि अर्जाल. वर सय्यद, शेख, मोगल, पठाण. मध्ये विणकर, शिंपी, न्हावी, धुनिया. तळाला सफाईचं काम करणारे, ज्यांना मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानातही जागा नव्हती. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात हा अहवाल उद्धृत केला आहे. त्यातले धुनिया म्हणजे आपले पिंजारी. माझं माहेर पिंजाऱ्यांचंच. माझे आजोबा धुनकी खांद्यावर टाकून दारोदार गाद्या भरायला जात.

त्या काळात उत्तरेत एक म्हण फिरत होती. तिचा आशय असा: गेल्या वर्षी मी जुलाहा होतो, यंदा शेख आहे, धान्याला भाव आला तर पुढच्या वर्षी सय्यद. मराठीत याचीच बहीण आहे: कुणबी माजला, मराठा झाला. दोन्ही म्हणी खवचट आहेत, पण खऱ्या आहेत. पैसा थेट प्रतिष्ठा विकत घेत नाही. तो आधी आडनाव घेतो, मग सोयरीक घेतो, आणि दोन पिढ्यांनी मूळ धंदा कुणालाच आठवत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक बिरादऱ्यांनी अरबी नावं धारण केली. विणकर अन्सारी झाले, प्रेषितांना मदिनेत आसरा देणाऱ्या अन्सारांच्या नावाने. न्हावी सलमानी, शिंपी इद्रिसी, खाटीक कुरेशी. पिंजारी मन्सुरी झाले, मन्सूर हल्लाजवरून. बगदादमध्ये ९२२ साली देहदंड झालेला हा सूफी, आणि 'हल्लाज'चा अर्थच कापूस पिंजणारा. याला मी नुसती नक्कल म्हणणार नाही. 'जुलाहा' ही शिवी झाली होती, तिच्यातून बाहेर पडायचा तो रस्ता होता. पण शिडी तीच राहिली, आपण फक्त एक पायरी वर सरकलो.

१८५७ नंतर घसरणाऱ्या खानदानी घरांची भीती सर सय्यद अहमद खान यांच्या डिसेंबर १८८७ मधल्या लखनौच्या भाषणात ऐकू येते. स्पर्धा परीक्षेतून हलक्या घरातला माणूस अधिकारी होऊन आला तर खानदानी लोकांना ते सोसणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अलीगढच्या कामाबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोतच. पण ज्या परीक्षेमुळे पिंजाऱ्याची नात आज बी.एड. होते, तिला त्यांचा विरोध का होता, हेही शिकवायला हवं. पुढे १९४६ च्या निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर होता. 'मुसलमानांचा कौल' म्हणून जो सांगितला जातो, त्यात बहुसंख्य विणकर, मजूर, शेतमजुरांचं मतच नव्हतं. मोमीन कॉन्फरन्सचे अब्दुल कय्यूम अन्सारी फाळणीच्या विरोधात होते, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

मालेगाव आणि भाषेचं नाक

उत्तरेतून मऊ, आझमगड, बनारसकडचे विणकर मालेगाव-भिवंडीला आले. तिथे त्यांच्या डोक्यावर कुणी नवाब नव्हता. वाटेल, उतरंड संपली. नाही संपली. हातमागाचे यंत्रमाग झाले, आणि एकाच बिरादरीत मागांचे मालक आणि माग चालवणारे मजूर वेगळे झाले. नाव दोघांचं अन्सारी, शुक्रवारची सुट्टी दोघांना, पण रिश्ता जुळवताना मागांची संख्या मोजली जाते.

तिसरं माप भाषेचं. आमच्या मुली 'नक्को', 'कायको', 'हौ' बोलतात. पाहुण्यांसमोर आई डोळे वटारते: साफ उर्दू बोल. ही लाज कुठून आली? दख्खनीत मुहम्मद कुली कुतुबशहाचा दिवान तयार होता, तेव्हा दिल्लीचे शायर फारसीतच लिहीत होते. औरंगाबादचा वली १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला, आणि या बोलीत इतकी उत्तम गझल लिहिता येते हे दिल्लीला कळलं. मग दिल्ली-लखनौने भाषा घासूनपुसून घेतली आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांचंच बोलणं सिनेमात विनोदासाठी उरलं. पैसा नसतानाही माणसाला वरचढ वाटायला लावणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे उच्चार.

लाजेची किंमत

हे सगळं जुनं आहे, आता काय त्याचं, असं कुणी म्हणेल. माझ्या टेबलावर दर जूनमध्ये त्याचं उत्तर येतं. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी आहेत. ते प्रत्यक्षात मिळावं म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य घातलं. दिलीपकुमार, स्वतः फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्यांच्या सभांना गेले. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि जुन्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द असतो: मुसलमान. कधी मास्तरांनी विचारलं नाही, कधी आजोबांनी लाजेने सांगितलं नाही.

एका हुशार मुलीच्या वडिलांना मी कागद गोळा करायला सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, कागद मिळतील. पण आम्ही आता शेख लावतो. उद्या हिच्या रिश्त्याच्या वेळी कुणी हा दाखला काढला तर?" घरी उत्पन्न बेताचं, फी भरायला उधारी. तरी चार महिने ते घुटमळले. पैसा नव्हता म्हणून नाही. पैशाशिवाय जे थोडं कमावलं होतं, ते हातचं जाईल म्हणून. शेवटी मुलीची आईच तहसील कचेरीत जाऊन बसली.

म्हणून मुलांना मी 'शरीफ'चा मूळ अर्थ सांगते, आणि मग 'खस्साफ', 'कुदूरी', 'हल्लाज' या नावांचे अर्थ शोधून आणायला लावते. ज्या वर्गात पिंजारी हा शब्द मान खाली न घालता उच्चारता येतो, त्या वर्गातल्या मुलांना पुढे दाखल्याचा अर्ज भरताना हात अडखळणार नाहीत. आपल्या घरात जुने दाखले, खरेदीखतं, आजोबांच्या नोंदी असतील तर त्या शोधून ठेवा. त्यात धंद्याचं नाव सापडलं तर झाकू नका. इतिहास म्हणून ते मोलाचं आहे, आणि मुलांची फी म्हणूनही.