गन शो ओस पडतात तेव्हा इतिहासाचं काय जातं?

‘अमुक परंपरा लोप पावत आहे’ हे वाक्य संशोधन आराखड्यात लिहायला फार सोपं असतं. अवघड असतात त्यापुढचे दोन प्रश्न : लोप पावते आहे हे कशावरून? आणि लोप पावली तर बिघडलं कुठे? आज हे दोन्ही प्रश्न आपण एका परक्या विषयाला विचारून बघू. विषय आहे अमेरिकेतले गावोगावचे गन शो.

गन शो म्हणजे काय? शनिवार-रविवारसाठी जत्रेच्या मैदानावरचा हॉल भाड्याने घ्यायचा आणि ओळीने टेबलं मांडायची. त्यांवर नव्या-जुन्या बंदुका, काडतुसं, सुटे भाग, लष्करी पदकं, जुनी पुस्तकं. आपल्याकडे १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्यापासून बंदूक म्हटली की परवाना आलाच, त्यामुळे हे चित्र डोळ्यांसमोर आणणं जड जातं. नाण्यांचं प्रदर्शन आठवा, म्हणजे अंदाज येईल.

आता थोडा इतिहास. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने परवानाधारक विक्रेत्याला दुकानाच्या जागेशी बांधून टाकलं. १९८६ च्या कायद्याने त्याला स्वतःच्या राज्यातल्या शोमध्ये विक्री करायची मुभा दिली. त्यानंतरच्या काळात हे शो चांगलेच फोफावले. १९९९ च्या एका सरकारी अहवालात आकडा आहे : १९९८ साली ४,४४२ शो.

इथे थांबा. हा आकडा नेमका कशाचा आहे? एका व्यापारी कॅलेंडरात छापलेल्या जाहिरातींचा! शो भरवायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, त्यामुळे सरकारदरबारी नोंदवहीच नाही. उद्या आयोजकांनी छापील जाहिरात सोडून वेबसाइट धरली, तर एकही शो बंद न होता आकडा घसरेल. म्हणून ऱ्हास सिद्ध करायचा तर एकेका मैदानाचे भाडेकरार, व्यवस्थापन मंडळाची इतिवृत्तं आणि स्थानिक वर्तमानपत्रं चाळावी लागतील. काम कंटाळवाणं आहे, पण शोधनिबंध त्यावरच उभा राहतो.

काही कारणं मात्र कागदोपत्री स्पष्ट दिसतात. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत हत्याकांड झालं. मारेकऱ्यांच्या चारपैकी तीन बंदुका त्यांच्या एका सज्ञान मैत्रिणीने गन शोमध्ये खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. तिथे पार्श्वभूमी तपासणी झालीच नव्हती. २००० साली कोलोरॅडो आणि ओरेगॉनच्या मतदारांनी शोमधल्या विक्रीला अशी तपासणी सक्तीची केली. कॅलिफोर्निया त्याच्या पुढे गेलं : आधी डेल मारच्या जत्रामैदानावर आणि २०२२ च्या कायद्याने राज्याच्या मालकीच्या सगळ्याच जागांवर बंदूकविक्री बंद. २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही ही बंदी वैध ठरवली. ज्या शोचा जीवच स्वस्त सरकारी हॉलमध्ये होता, त्याच्यासाठी हा घाव मोठा. शिवाय इंटरनेटवर घरबसल्या सौदा ठरू लागला, तो वेगळाच.

मग बरंच झालं की, असं तुम्ही म्हणाल. इथे दोन आकडे शेजारी ठेवा. २०१६ मध्ये अमेरिकेत कैद्यांचं सर्वेक्षण झालं. गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी जेमतेम ०.८ टक्के जणांनी ती गन शोमधून मिळवली होती. उलट २००० च्या एका सरकारी अहवालात तस्करीच्या तपासांचा हिशेब आहे. त्यात गन शोशी जोडलेल्या बंदुका सुमारे २६ हजार. खरं काय? दोन्ही! पहिला आकडा शेवटचा हात मोजतो, दुसरा वाटेतली गळती. वादात प्रत्येक बाजू आपल्याला सोयीचा आकडा उचलते. संशोधकाने मात्र आधी विचारायचं, ‘मोजलं काय?’

आता दुसरा प्रश्न, बिघडलं कुठे? पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं की एली व्हिटनीने बंदुकांचे अदलाबदल करता येणारे सुटे भाग बनवले आणि आधुनिक कारखानदारीचा पाया घातला. १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने या दंतकथेला सुरुंग लावला. त्याचा एक पुरावा म्हणजे खुद्द व्हिटनीच्या बंदुका : त्यांचे भाग एकमेकींत बसत नव्हते. पुढे १९८८ मध्ये रॉबर्ट गॉर्डन या धातुतज्ज्ञाने जुन्या बंदुकांच्या चापयंत्रणेचे भाग तपासले. मोजमापात अचूकता आली ती नुसत्या यंत्रांमुळे नाही, त्यात कारागिराच्या कानशीचा मोठा वाटा होता, हे त्यातून पुढे आलं. ही गोष्ट कागदपत्रं आपण होऊन सांगत नाहीत. धातूवरचे ओरखडे सांगतात.

अशा वस्तू संग्रहालयांत आहेत तशा संग्राहकांच्या कपाटांतही आहेत. कोणता शिक्का कोणत्या शस्त्रशाळेचा, कोणता स्क्रू मागाहून बसवलेला, हे ओळखणारी नजर त्यांच्याकडे असते. ती नजर हातात वस्तू देऊन, समोरासमोरच शिकवता येते. वेबसाइटवरच्या फोटोत चापयंत्रणा उघडून बघता येत नाही. छोटा शो बंद पडला की विक्री दुसरीकडे जाते. ज्ञानाचा तो अड्डा मात्र मोडतो.

म्हणून माझं मत असं : गावातले शो टिकायला हवेत, पण तपासणीसह. प्रत्येक विक्रीला पार्श्वभूमी तपासणी लावली म्हणून जुन्या बंदुकीचा अभ्यास कुठे अडत नाही. उलट सुरक्षिततेच्या प्रश्नाला उत्तर असेल तर सभागृह मागताना आयोजकाची बाजू भक्कम होते. जे आयोजक आपण होऊन हे करतात, ऐतिहासिक वस्तूंना वेगळी जागा देतात, त्यांना पाठिंबा द्यायला इतिहासाच्या अभ्यासकाने कचरू नये.

तुमचा विषय बंदुकांचा नसेलच. पण नाणी, हातमाग, छापखान्याचे खिळे, काहीही असो. आराखड्यात ‘ऱ्हास’ हा शब्द लिहिलात की समासात तीन ओळी लिहून ठेवा : मोजलं काय, कुणी मोजलं आणि ही गोष्ट गेली तर कोणता पुरावा कायमचा जाईल? तिसऱ्या ओळीचं उत्तर सापडलं, की तुमचा विषय सापडला.