वाहत्या रक्ताचा धागा : फोग्लो बेटापासून हृदयाच्या झडपेपर्यंत

१/ प्रवाह भिंतीवर चिकटलेले धुऊन नेतो, हा नित्याचा अनुभव. रक्तातील एक लांबलचक रेणू मात्र प्रवाह वाढला की अधिक घट्ट चिकटतो. हे उमगण्यास वैद्यकाला सुमारे ऐंशी वर्षे लागली. त्या शोधाचा हा इतिहास.

२/ १९२४ साली हेलसिंकीतील वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे पाच वर्षांची एक मुलगी तपासणीसाठी आली. ती फिनलंडच्या ओलान्द द्वीपसमूहातील फोग्लो बेटावरची. तिच्या घराण्यात रक्तस्राव पिढीजात होता. तिच्या काही बहिणी त्यानेच बालपणी दगावल्या होत्या.

३/ हिमोफिलिया म्हणावा, तर तो मुख्यतः पुरुषांना ग्रासतो. येथे स्त्रियाही पीडित होत्या. प्लेटलेटची संख्या पुरेशी होती, तरी जखमेतून रक्त वाहतच राही. १९२६ मध्ये विलेब्रांड यांनी स्वीडिश भाषेत या निराळ्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ती मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीच्या वेळी, रक्तस्रावाने मरण पावली.

४/ कारण दिसणार तरी कसे? हजारो अणूंच्या लांब साखळ्या, म्हणजे बहुवारिक रेणू, अस्तित्वात असतात हे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले होते. पण १९२६ मध्येही रसायनज्ञांत त्यावर कडाक्याचा वाद चालू होता. श्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली.

५/ १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन आणि मार्गारेटा व बिर्गर ब्लोमबेक यांनी निरोगी रक्तद्रवाचा एक अंश अशा रुग्णांना दिला आणि रक्तस्राव आटोक्यात आला. उणीव प्लेटलेटमध्ये नव्हती, रक्तद्रवात होती. तो हरवलेला घटक म्हणजेच आजचा ‘फॉन विलेब्रांड घटक’ : एकसारखे दुवे जोडून बनलेली प्रथिनाची अतिदीर्घ साखळी.

६/ मग नवे कोडे उभे राहिले. ही साखळी आणि प्लेटलेट रक्तात सदैव शेजारी असतात, तरी एरवी एकमेकांना चिकटत का नाहीत? आणि जेथे रक्त सर्वाधिक वेगाने धावते, त्या बारीक रोहिण्यांतच या साखळीवाचून सर्वाधिक अडते, ते का?

७/ उत्तर प्रवाहाच्या थरांत होते. भिंतीला लागून रक्त जवळजवळ स्थिर असते. भिंतीपासून दूर जावे तसा वेग वाढतो. थरांमधील हा फरक रेणूला एकीकडे गरगर फिरवतो आणि दुसरीकडे ताणतो. फरक थोडा असेल तर साखळी गुंडाळलेल्या लोकरीसारखी राहते व तिच्या चिकटण्याच्या जागा आत दडलेल्या असतात.

८/ २००७ मध्ये जर्मनीतील भौतिकशास्त्रज्ञ व वैद्यांच्या एका गटाने हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. भिंतीपासून एका मायक्रोमीटरवर वेग सेकंदाला सुमारे ५ मिलिमीटरने वाढेल एवढा तीव्र प्रवाह होताच गुंडाळी एकाएकी उलगडली आणि साखळी पृष्ठभागाला चिकटून तंतूंचे जाळे झाली. जखमेत उघडे पडलेले कोलॅजन हा असाच पृष्ठभाग. एक टोक अडकले की गरगरणे थांबते व ताण वाढतो; उघड्या पडलेल्या जागांवर धावते प्लेटलेट पकडले जातात.

९/ पण उलगडलेली साखळी कापलीही जाते. ती कापणारे एक विकर १९९६ मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखवून दिले. त्याची कापण्याची जागाही ताणाखालीच उघडते. ही कात्री नसेल, तर अतिदीर्घ साखळ्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या साठवतात आणि प्राणावर बेतते.

१०/ यामुळे एक जुने गूढही उकलले. १९५८ मध्ये अमेरिकन वैद्य एडवर्ड हाइड यांनी नोंदवले होते, की महारोहिणीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांना आतड्यातून अकारण रक्तस्राव होतो. हृदयाच्या झडपेचा आतड्याशी काय संबंध? अरुंद फटीतून मुसंडी मारणाऱ्या रक्तात साखळ्या ताणल्या जाऊन कापल्या जातात. उरतात ते तोकडे तुकडे. २००३ मध्ये फ्रान्समधील वैद्यांनी दाखवले, की झडप बदलल्यावर लांब साखळ्या लगेच परततात.

११/ हाच प्रश्न आज दुबळ्या हृदयाला साहाय्य करणाऱ्या यांत्रिक पंपांपुढे उभा आहे. त्यांच्या वेगवान चक्रातून जाताना या साखळ्या तुटतात आणि रुग्णांना रक्तस्रावाचा धोका संभवतो. किती रक्त पुढे ढकलले जाते एवढ्यावर अशा पंपाची पारख संपत नाही. त्या रक्तातील धागे अखंड राहतात का, हेही पाहावे लागते.